तुमची दरी मी खोडली

भास्करकाका,

तुम्हाला जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. आपल्या मराठी मंडळाने पाडव्याच्या वार्तापत्रासाठी माझ्याकडे तुमच्यावर 'तीनशे शब्दांत, भावपूर्ण' असा मजकूर मागितलाय. भावपूर्ण! तुम्ही असतात तर चष्मा काढून टेबलावर ठेवला असता आणि म्हणाला असतात, "सुजाता, यांना कळव, भाव वेगळा पाठवतो, पूर्ण त्यांनी करून घ्यावा." तीनशे शब्दांत माझं भांडणसुद्धा मावायचं नाही. त्यामुळे हे लांबणार आहे आणि तुम्ही ते कापायला नाही आहात, ही तुमची चूक आहे.

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमची बातमी आली आणि तासाभरात एकोणीस जणांनी 'न भरून येणारी पोकळी' लिहिलं. मी मोजले. दुसरं काही सुचत नव्हतं, आणि लोक एकच शब्द किती वेळा वापरतात ते मोजणं हेच तर आपलं काम होतं. मग म्हटलं, चला, आपण तरी नीट लिहू. बसले. आणि काका, पहिल्याच ओळीत माझ्याही हातून पोकळीच आली. खोडली. तिच्या जागी जो शब्द आला तो बघून लॅपटॉप बंद केला आणि भांडी घासायला गेले. दरी.

आपण दोघं काय करत होतो हे मंडळातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं दिवाळी अंक आपोआप निघतो. अकरा वर्षं, दर शनिवारी सकाळी आठ वाजता, तुम्ही बेलव्ह्यूला तुमच्या किचन टेबलाशी आणि मी रेडमंडला माझ्या, मध्ये फोन. गाडीने वीस मिनिटांचं अंतर. पण तुम्ही म्हणायचात, "समोरासमोर बसलं की शैला पोहे करते, मग काम होत नाही." आलेला प्रत्येक लेख तुम्ही मोठ्याने वाचायचात, अगदी आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखा, आणि तांबड्या पेन्सिलीने खोडायचात. पेन्सिल कागदावर ओढल्याचा आवाज मला फोनवर ऐकू यायचा. मी सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंग करते, दुसऱ्यांच्या चुका काढणं हाच माझा धंदा, त्यामुळे आपलं जमलं.

आणि आपला नियम. तो पहिल्याच वर्षी झाला. त्या वर्षी अंकाला चौतीस लेख आले आणि त्यातले सात ग्रँड कॅन्यनवर होते. कारण सरळ आहे. इथे अमेरिकेत आपल्या प्रत्येक घरी भारतातून आईबाबा येतात, त्यांना नायगारा दाखवला जातो, मग ग्रँड कॅन्यन दाखवली जाते. बाबा टोपी घालून कठड्यापाशी उभे राहतात, आई साडीवर स्पोर्ट्स शूज घालते, आणि फोटो काढणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या मनात एकदम साहित्य उफाळून येतं. सातही लेखांचा शेवट एकच. 'त्या विराट कॅन्यनच्या काठावर उभी असताना मला जाणवलं, आमच्या दोन पिढ्यांमध्येही अशीच एक दरी आहे.'

सातवा वाचून झाल्यावर तुम्ही पेन्सिल टेबलावर आपटलीत. मला वाटलं फोनच पडला. मग म्हणालात, "सुजाता, आजपासून या अंकात दरी बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे खरी असेल तर चालेल. जिच्यात पडून माणूस मरतो ती. बाकी सगळ्या खोडायच्या. कोणीही लिहिलेल्या असोत. तू लिहिलीस तर तुझी, मी लिहिली तर माझी."

शेवटचं वाक्य तुमचं होतं, लक्षात ठेवा. मला पुढे लागणार आहे.

तुमचा हट्ट कुठून आला ते मला हळूहळू कळलं. तुमचं आयुष्य डोंगरउतारांवर गेलं. इथल्या सरकारी रस्ते खात्यात, घाटातल्या रस्त्यांवर दरडी येऊ नयेत म्हणून कुठे जाळी ठोकायची, कुठे पाणी बाहेर काढून द्यायचं, हे ठरवणारे तुम्ही. इथल्या हिवाळ्याच्या पावसात लोक घरात बसतात, तुम्ही तेव्हा गमबूट घालून डोंगराच्या भेगा बघत फिरायचात. त्यामुळे कोणी लिहिलं 'आमच्यात दरी पडली' की तुमचं डोकं फिरायचं. "पडली? दरी पडते का? दात आहे का तो? पाणी वाहतं, लाखो वर्षं वाहतं, तेव्हा कुठे ती होते." आणि 'दरी बुजवू या' वाचलं की, "किती ट्रक माती लागेल, विचार त्यांना!" अध्यक्षांच्या मनोगतात एकदा 'दरी सांधण्याचा प्रयत्न' आला होता. तुम्ही समासात लिहिलंत, 'कशाने? सुतळीने?' आणि मला ते पुसायला लागलं, कारण तो कागद मी तसाच स्कॅन करून त्यांना पाठवणार होते.

एकदा तुम्ही सांगितलं होतं की कॅन्यन हा शब्दच स्पॅनिश लोकांकडून आला, मूळ अर्थ नळी. आत पोकळ असलेली, बोरूसारखी. "नळीचा उपयोग काय? तिच्यातून काहीतरी जातं. लोक नुसते दोन काठ बघतात आणि रडतात. तळाला नदी आहे ती कोणी बघत नाही." त्यानंतर आपण सिॲटलला एका कार्यक्रमाला गेलो, तर उंच बिल्डिंगांमधल्या रस्त्यावर तुम्ही थांबलात. वारा असा अंगावर येत होता की शैलाकाकूंनी पदर तोंडाला धरला. तुम्ही खुशीत, "अशा रस्त्याला कॅन्यन म्हणा, माझी हरकत नाही! दोन भिंती, तळ, आणि मधून वारा. ज्याने ही उपमा दिली त्याने निदान जागेवर येऊन बघितलं तरी!" काकू म्हणाल्या, "अहो, आधी गाडीत चला, मग उपमा द्या."

मी ऑफिसातले किस्से तुम्हाला पुरवायचे. आमचा एक मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणाला होता की डिझाइन आणि टेस्टिंगच्या टीममध्ये कॅन्यन आहे. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "बसतात कुठे दोघं?" म्हटलं, एकाच मजल्यावर, मध्ये कॉफी मशीन. तुम्ही इतके हसलात की खोकला लागला. त्यानंतर कितीतरी दिवस फोन उचलल्यावर तुमचा पहिला प्रश्न, "काय गं, कॉफी मिळाली का दरीत?"

पण आपलं एक भांडण हसण्यावारी गेलं नाही. तेही लिहिते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी माझ्या बाबांवर लिहिलं होतं. नागपूरला आमच्या वस्तीतल्या विहारात, जयंतीच्या सभेत बाबा भाषण करायचे. मी पहिल्या रांगेत मांडी घालून. त्यांच्या भाषणात 'सामाजिक दरी' हे दोन शब्द हमखास यायचे आणि ते आले की बाबांचा आवाज बदलायचा. ते मी लेखात तसंच लिहिलं. शनिवारी तुम्ही वाचत वाचत तिथे आलात आणि मला पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. मी म्हटलं, "काका, ती खोडायची नाही." तुम्ही म्हणालात, "नियम म्हणजे नियम." आणि मग मी जी सुटले! म्हटलं, तुमची दरी पाण्याने होते, लाखो वर्षांत, कोणाचा दोष नाही, बघायला तिकीट काढून जाता येतं. आमच्याकडची पाण्याने नाही झाली. ती माणसांनी खोदली. खोदणाऱ्यांची नावं माहीत आहेत. पाणवठ्यावर कोणी उभं राहायचं आणि कोणी नाही, हे काय पावसाने ठरवलं? माझे बाबा शब्द शोधत बसले नव्हते. त्यांना जो मिळाला तो त्यांनी वापरला, आणि तो त्यांच्या पायाखालचा होता.

तुम्ही "बरं" म्हणून फोन ठेवलात. मला वाटलं संपलं, आता हा माणूस काही फोन करत नाही. पुढच्या शनिवारी बरोबर आठला रिंग. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुझी दरी ठेव," म्हणालात. "ती खोदलेलीच आहे. मी आठवडाभर विचार केला. बाकीच्यांच्या मी खोडणार." मी त्या दिवशी खुशीत आमची नागपुरी, कोथिंबिरीची तिखट सांबारवडी केली. त्या विषयावर आपण परत बोललो नाही. बोलायला हवं होतं, मला अजून पुष्कळ सांगायचं होतं, आणि तुम्हालाही असावं.

आता मागच्या वर्षीचं.

तुम्ही अकरा वर्षांत स्वतः एकही लेख दिला नव्हता. विचारलं की म्हणायचात, "मी खोडणारा माणूस." आणि मागच्या सप्टेंबरात, अंक छपाईला जायला चार दिवस असताना, तुमच्या वहीच्या चार पानांचे फोटो माझ्या फोनवर आले. मथळा 'उतार'. खाली मेसेज, 'जागा असेल तर घे. नियम सगळ्यांना सारखा.'

जागा नव्हती, मी केली. लेख उत्तम होता. डोंगराची भेग कशी वाचायची, पाणी कुठे दडून बसतं, पहिल्या हिवाळ्यात तुम्ही कसे घसरून चिखलात बसला होतात. शेवटच्या पानावर तुमचा मुलगा केदार आला. केदार सोळा वर्षांचा असताना तुम्ही त्याला ग्रँड कॅन्यनला नेलं, आणि तिथे उभं राहून थरांची नावं सांगत राहिलात. त्याने विचारलं, "डॅड, आपण नुसतं बसून बघू या का?" आणि तुम्ही म्हणालात, बघायला फोटो आहेत, इथे शिकायला आलोय. मग शेवटच्या दोन ओळी.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसून टाईप करत होते. एका हातात फोन, मांडीवर लॅपटॉप, शेजारचा माणूस झोपून खांद्यावर येतोय. अगदी शेवटच्या ओळीत मला 'दरी' दिसली आणि काका, मी आनंदाने ओरडायची बाकी राहिले. भास्करकाकांनी दरी लिहिली! दोन पिढ्यांमधली! अकरा वर्षं ज्याच्यासाठी लोकांचे लेख फाडले तीच! मला वाटलं, ही माझी परीक्षा आहे, मुद्दाम पेरलीय. मी ती ओळ उडवली. तिच्या जागी लिहिलं, 'माझे आणि माझ्या मुलाचे मात्र मतभेद राहिले.' आणि तुम्हाला मेसेज टाकला, 'पकडलं!!! तुमचीच दरी! नियम सगळ्यांना सारखा!' पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

तुमच्याकडून एक अंगठा आला. बस. तो अंगठा.

माझा सगळा राग त्या अंगठ्यावर आहे. अहो, एका स्वल्पविरामावरून माझ्याशी पाऊण तास भांडलेला माणूस तुम्ही! 'आणि' आणि 'व' यांच्यातला फरक सांगायला कामाच्या वेळेत ऑफिसात फोन केलात. आणि इथे, स्वतःच्या मुलाचा प्रश्न, तिथे अंगठा? भांडायचं होतं ना! म्हणायचं होतं, "सुजाता, ती ठेव, ती खरी आहे." मी एका मिनिटात ठेवली असती. मी तुम्हाला माझ्या बाबांसाठी सोडलं होतं का? तुम्ही मला तुमच्यासाठी का सोडलंत?

डिसेंबरात एका शनिवारी, काम काही नसताना, तुम्ही फोन केलात. हवापाणी झालं. मग म्हणालात, "शुद्धिपत्र काढायची आपली पद्धत नाही, नाही का?" आणि मी छाती फुगवून सांगितलं, "अकरा वर्षांत एकही नाही, काका! कुठल्या मंडळाचा अंक असा दाखवा!" तुम्ही "हं" म्हणालात. मला वाटलं, तुम्हाला अभिमान वाटला. बाप्पा, किती मठ्ठ असावं माणसाने!

फेब्रुवारीत एका शनिवारी आठची रिंग आली नाही. सव्वाआठला मी केला. काकूंनी उचलला आणि मला काही विचारायची गरज पडली नाही.

केदार त्याच्या गावाहून, ईडन प्रेरीहून, विमानाने आला. मी त्याला याआधी एकदाच भेटले होते, त्याच्या लग्नात. तो तिथल्या एका शाळेत बँड शिकवतो, हे मला ठाऊक होतं. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून त्याने ते घेतलं तेव्हा तुम्ही पाहुण्यांसमोर त्याला 'वाजंत्रीवाला' म्हणालात, हेही काकूंकडून कळलं होतं. तुम्हाला वाटलं त्याला शब्द कळणार नाही. त्याला नेमका तोच कळला. तेव्हापासून दिवाळीला एक फोन, वाढदिवसाला एक फोन, दोन्ही काकूंच्या हातात.

हॉलमधला श्रद्धांजलीचा कार्यक्रम आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी गेले. काकू तुमच्या खुर्चीत बसल्या होत्या. केदार टेबलाशी, पुढ्यात आपला दिवाळी अंक. एक पान दुमडलेलं. मी विचारलं, हा कुठून आणलास? तो इंग्रजीतच बोलत होता, मी मराठीत लिहिते. म्हणाला, "सुजाताताई, हा डॅडने मला पोस्टाने पाठवला. नोव्हेंबरमध्ये. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसतं हे पान दुमडलेलं."

काकू म्हणाल्या, "स्वतः गेले होते पोस्टात. मी म्हटलं, अहो, फोन करा सरळ. तर म्हणाले, आधी वाचू दे त्याला."

केदारला मराठी वाचता येत नाही. त्याने फोन धरला पानावर, ॲपने भाषांतर केलं. डोंगर, चिखल, कॅन्यन, सगळं आलं. "मला वाटलं, आता तो काहीतरी बोलणार आहे. मी खाली खाली वाचत गेलो. आणि शेवटी काय, तर 'डिफरन्सेस ऑफ ओपिनियन'." तो हसला, पण ते हसणं नव्हतं. "एचआरच्या ईमेलसारखं. मी म्हटलं, ठीक आहे, याच्यासाठी मी फोन नाही करणार. आणि नाही केला."

मी उभीच होते. काका, खोटं नाही सांगत, एक क्षण मनात आलं की गप्प बसावं. कोणाला कळणार होतं? तुम्ही गेलात, वही कुठे आहे माहीत नाही, फोटो फक्त माझ्या फोनमध्ये. त्याला वाटू द्यावं की बाप असाच होता. पण तो पुढे म्हणाला, "ही वॉज अ केअरफुल रायटर, राइट? म्हणजे त्याला जे म्हणायचं होतं तेच त्याने लिहिलं." आणि मग मला खुर्ची ओढून बसावंच लागलं.

मी फोन काढला. तुमच्या वहीच्या चौथ्या पानाचा फोटो मोठा केला. बसमध्ये मी तो असा मोठा करून बघितलाच नव्हता. तिथे तुम्ही आधी लिहिलं होतं 'दरी मात्र पडली'. 'पडली' खोडलेलं. तांबड्या पेन्सिलीने. आणि वर, दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात, 'मीच खोदली'.

खोदली. काका, तो माझा शब्द होता. त्या शनिवारी मी तुमच्या अंगावर फेकलेला. तुम्ही तो इतकी वर्षं जपून ठेवलात आणि स्वतःवर वापरलात, आणि मला पाठवलात. मी फक्त 'दरी' बघितली आणि सगळी ओळच घालवली.

मी त्याला वाचून दाखवलं.  "चाळीस वर्षं मी लोकांचे डोंगर सावरले. माझ्या आणि माझ्या मुलाच्या मधली दरी मात्र मीच खोदली."

"'मीच' माहितीय," तो म्हणाला. "'खोदली' म्हणजे?"

मी हाताने करून दाखवलं. फावड्याने खणतात तसं.

"त्याने खणली? असं त्याने लिहिलं?"

"हो."

"मग इथे का नाही?"

मी सांगितलं. नियम, बस, तीन हसणारे चेहरे, अंगठा. सगळं सांगितलं. काकूंनी डोळे मिटून घेतले. केदारने अंक मिटून बाजूला सारला. मला वाटलं ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "मला तीन महिने मिळाले असते." आणि दार उघडून मागच्या डेकवर गेला. बाहेर पाऊस होता. ओल्या बाकावर तसाच बसला. काकू उठल्या, तुमचा तो जुना हिरवा रेनकोट घेतला, बाहेर जाऊन त्याच्या खांद्यावर टाकला आणि आत आल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. पण चहा ठेवताना कप तीन काढले.

अर्ध्या तासाने तो आत आला. पहिला प्रश्न, "हा अंक किती लोकांकडे जातो?"

म्हटलं, अडीचशे घरं असतील.

"मग त्या अडीचशे घरांना सांग." तेवढंच. मग त्याने तो फोटो मागून घेतला आणि खोडलेल्या 'पडली'वर अंगठा ठेवून बघत बसला.

काका, मी तुमच्यावर रागावलेय ते रागावलेय. तुम्ही फोन करायला हवा होता, त्याला नाही तर मला तरी. दुमडलेल्या पानावर हाताने एक ओळ लिहायला काय झालं होतं? छापलेल्यावर पेनाने लिहू नये, हाच नियम ना? घाला तो नियम चुलीत. पण तुमच्याशिवाय मला वाचता आलं नसतं हेही खरं आहे. लेख, भेगा, माणसं. मला तुम्ही शब्दाजवळ थांबायला शिकवलंत, आणि जिथे सगळ्यांत जास्त थांबायला हवं होतं तिथे मी बस चुकेल तशी घाईत होते. याचं मी काय करू, ते मला अजून कळलेलं नाही.

समितीचं म्हणणं आहे की श्रद्धांजलीच्या मजकुरात शुद्धिपत्र शोभत नाही, वेगळ्या पानावर बारीक टाईपात टाकू. मी त्यांना सांगितलंय, ते इथेच येईल आणि याच टाईपात येईल. अकरा वर्षांतलं आपलं पहिलं आहे. तुम्ही डिसेंबरात मागितलेलं.

शुद्धिपत्र: गेल्या दिवाळी अंकात पान सत्तेचाळीसवर, 'उतार' या लेखात शेवटची ओळ 'माझे आणि माझ्या मुलाचे मात्र मतभेद राहिले' अशी छापली आहे. ती 'माझ्या आणि माझ्या मुलाच्या मधली दरी मात्र मीच खोदली' अशी वाचावी. लेखकाने ती तशीच लिहिली होती. चूक संपादिकेची आहे.